दाढेचा ठणका आणि दवाखाना उघडेपर्यंतची रात्र : तुमचे अनुभव

दाढ दुखायला मुहूर्त लागतो तो शनिवारी रात्रीचाच. अशा वेळी तग कसा धरलात ते लिहा. ऐकीव उपाय नकोत, स्वतःवर किंवा घरच्यांवर करून पाहिलेलेच. खरा इलाज डॉक्टरांच्या खुर्चीतच होणार हे धरून चालू.

सायली_क : लवंगतेल! कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन किडलेल्या खड्ड्यात अलगद दाबायचं. आधी चटका बसतो, तोंडभर लाळ सुटते, मग हळूहळू बधिरपणा येतो. ही करामत लवंगेतल्या युजेनॉलची. दाताचे डॉक्टर हेच झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. दवाखान्यात लवंगेसारखा वास येतो तो त्याचा. नुसतं तेल हिरडीला लागलं तर सालपट निघतं, म्हणून मी खोबरेलात मिसळते. तेल नसेल तर अख्खी लवंग दाढेखाली धरा.

घाटावरचा : आमच्या आजीने दाढ दुखते म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून मिश्री लावली. ठणका थांबला म्हणे. मिश्री मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. गावाकडे कित्येक बायकांची सुरुवात अशीच झालेली असते. भाजलेला तंबाखूच तो, औषध कसलं डोंबलाचं!

रातपाळी : आडवं झालं की ठणका दुप्पट, उठून बसलं की जरा बरं. डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि दाताच्या आत सुजेला पसरायला जागाच नसते. दोन उशा घेऊन टेकून झोपतो. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं.

दंतू : मी दंतवैद्य आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरलेले लोक अजूनही येतात, हिरडी भाजून पांढरी पडलेली असते. गोळी गिळायची असते हो! पॅरासिटॅमॉल बहुतेकांना चालतं. आयब्युप्रोफेन दाताच्या दुखण्यावर चांगलं, पण पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा डेंग्यूची शंका असेल तर नको. कॉम्बिफ्लॅममध्ये दोन्ही असतात, त्यावर आणखी क्रोसिन (तेही पॅरासिटॅमॉलच) घेऊ नका. घरात उरलेली अँटिबायोटिक तर नकोच. नस सुजल्याचं दुखणं तिने थांबत नाही. गालाला गरम शेकही नको. आणि गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

सायली_क : दंतू, बहीण गरोदर आहे, तिला काय द्यावं?

दंतू : सायलीताई, आयब्युप्रोफेन नाही. पॅरासिटॅमॉल, तेही तिच्या डॉक्टरांना फोन करून. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरायला हरकत नाही.

मोरपंखी : माझ्या वरच्या सगळ्याच दाढा एकदम दुखत होत्या, खाली वाकलं की जास्तच. दात ठणठणीत निघाले, सायनस भरलेला होता!

पुणेकर_दुपारी_बंद : आमच्याकडे ठणका आपोआप गेला म्हणून बाबांनी अपॉइंटमेंट रद्द केली. बरं झालं ना?

दंतू : काका किंवा दादा जे असाल ते, बाबांना आधी घेऊन या. नस मेली की दुखणं थांबतं, पण आत पू होत राहतो. येताना कोणती गोळी किती वाजता घेतली ते लिहून आणा. आधी गरम चहाने कळ येऊन रेंगाळत होती का, तेही विचारून ठेवा. तसं असेल तर बहुधा रूट कॅनॉलच.