वडगावचे माग आणि 'घाचर घोचर'

जागतिकीकरण म्हटलं की आपल्या सिनेमा-कादंबऱ्यांत कर्जबाजारी शेतकरी नाहीतर बंद गिरणी, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बऱ्याच अंशी खरं. पण सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' कादंबरीला त्या रांगेत उभं करू नका. त्यातला एकनाथ एवढं शिकूनही नोकरीविना गावातच अडकतो, ते दुखणं निराळं.

मला बेळगावात बसून जास्त जवळची वाटली ती विवेक शानभागांची कन्नड लघुकादंबरी 'घाचर घोचर' (२०१३). बेंगळुरूतलं मुंग्यांनी भरलेलं घर, मग काकाचा मसाल्याचा धंदा चालतो आणि घरातल्या माणसांचे स्वभावच पालटतात. भाषणबाजी कुठंच नाही. (सीमावादात आपण शेजारचं कन्नड वाचायचंच विसरलो, ते सोडा.)

आमच्या वडगावात, म्हणजे बेळगावातल्या विणकरांच्या वस्तीत, पूर्वी मागांच्या खटखटीनं जाग यायची. आता समोरच्या मागाच्या खोलीत भाडेकरू आहे. घरमालकाचा पोरगा बेळगावजवळच्या हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग बनवतो, आणि त्याची आई अजून दारात बसून दुसऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरते. परवा म्हणाली, "पगार बरा हाय की, पण रात्रपाळीला डबा तसाच परत येतोय बघा."