चौलच्या माहितीफलकावर ‘इ.स.’ लिहावे, ‘सा.यु.’ लिहावे की ‘शके’?

प्रश्न – आगरातले_गुरुजी

नमस्कार. चौल-रेवदंड्याच्या जुन्या इतिहासाची ओळख करून देणारा एक फलक आमच्या गावातील काही मंडळी वर्गणी काढून उभारत आहेत आणि मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर सर्वांना पसंत पडला. अडले ते वर्षांच्या आधीच्या दोन अक्षरांवर. मी सवयीने सर्वत्र ‘इ.स.’ लिहिले होते. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली की इसवी म्हणजे इसाचा, म्हणजे येशू ख्रिस्ताचा सन; आपल्या गावच्या फलकावर दुसऱ्या धर्माची गणना कशासाठी, शालिवाहन शके लिहावे. पुण्यात शिकणाऱ्या एका तरुणाने तितक्याच ठामपणे सांगितले की अभ्यासक आता धर्मनिरपेक्ष ‘सामान्य युग’ वापरतात, तेव्हा ‘सा.यु.’ लिहावे. तिसऱ्या गृहस्थांनी दोघांनाही आठवण करून दिली की रंगारी अक्षरामागे पैसे घेतो.

फलकावरील नोंदी थोडक्यात अशा आहेत: ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातील सेमिल्ला बंदराचा उल्लेख, हिजरी ३०४ मध्ये येथे आलेला अरब प्रवासी अल् मसूदी, १४७० च्या सुमारास उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन, मार्च १५०८ ची पोर्तुगीज आरमाराची लढाई आणि १७४० मध्ये पोर्तुगीजांकडून हा मुलूख मराठ्यांकडे आल्याची नोंद. या पाच ओळींसाठी कोणती संज्ञा योग्य, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे.

उत्तर १ – मोडीवाचक_अलिबाग

गुरुजी, आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण शके लिहिण्यात गैर काहीच नाही; मात्र ते ‘आपले’ आणि इसवी ‘परके’ ही विभागणी फार टिकणारी नाही. शक हे मुळात बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांचे नाव आहे. जुन्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत हा काळ ‘शकनृपकाल’ म्हणून येतो आणि शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटले. पुढे हा शब्द इतका अंगवळणी पडला की शक म्हणजेच कालगणना असा अर्थ झाला. आपल्या चौलपासून जवळच असलेल्या आक्षीच्या शिलालेखात ‘शकु संवतु’ असे दोन्ही शब्द एकापाठोपाठ आले आहेत. तेथील आकडा ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जातो, पण त्या वाचनाबद्दल मतभेद आहेत. म्हणजे नावातले मूळ विसरून लोक ते वापरतात, ही गोष्ट आजची नाही.

आता मराठ्यांच्या काळाकडे पाहू. १७४० मध्ये हा मुलूख ज्यांच्या ताब्यात आला, त्या पेशव्यांच्या दफ्तरातील कागदांवर प्रामुख्याने कोणता सन असतो? शुहूर सन, म्हणजे मुसलमानी राजवटींतून आलेली वर्षगणना, आणि तीही अरबी अंकवाचक शब्दांत. १७४०-४१ हे वर्ष त्या कागदांत ‘इहिदे अर्बैन मया व अलफ’ असे येईल, म्हणजे एक, चाळीस, शंभर आणि हजार मिळून ११४१. हे वर्ष मृगापासून, म्हणजे आपल्या पेरणीच्या दिवसांपासून सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पुण्यातील ब्राह्मण कारकुनांनी ते पिढ्यान्‌पिढ्या लिहिले आणि त्यांचा धर्म बुडाल्याचे कोणी म्हटले नाही. शिवाजी महाराजांनी स्वतःचा राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ पासून सुरू केला, तरी त्यानंतरही शुहूर सनाची चाल थांबली नाही. वसुलीचे हिशेब त्यात होते. आपण आज ज्यांना शुद्ध मराठी समजतो, ते ‘सन’, ‘साल’ आणि ‘तारीख’ हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत.

शकेची खरी अडचण धर्माची नाही, गणिताची आहे. शके वर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ चा फरक आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ चा. आपली १५०८ ची लढाई मार्चातली आहे. ती पाडव्याआधीची की नंतरची हे पाहिल्याशिवाय शके १४२९ लिहावे की १४३० हे ठरत नाही. पेरिप्लस तर इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यातला मानला जातो, म्हणजे शके १ उजाडण्यापूर्वीचा. ती एक ओळ ‘शकपूर्व’ लिहावी लागेल, आणि ते वाचून किती पर्यटकांना बोध होईल हे आपणच ठरवा.

उत्तर २ – रत्नागिरीची_विद्यार्थिनी

मोडीवाचक काकांचे म्हणणे पटते, तरीही पुण्याच्या त्या मुलाची बाजू कोणीतरी नीट मांडायला हवी, म्हणून लिहिते. रोममधील डायोनिसियस एक्झिग्युअस या साधूने इ.स. ५२५ मध्ये ईस्टरची कोष्टके तयार करताना ‘प्रभूच्या वर्षी’ अशा अर्थाची लॅटिन संज्ञा रूढ केली, आणि बीड या इंग्रज साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या धर्मेतिहासामुळे ती युरोपात पसरली. गंमत म्हणजे डायोनिसियसचे गणित चुकलेले आहे: ज्या हेरोद राजाच्या काळात येशूचा जन्म झाला असे शुभवर्तमान सांगते, तो राजा इसवी सनापूर्वी ४ मध्येच वारला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या घटनेपासून हे वर्ष मोजले जाते असे आपण म्हणतो, ती घटनाच त्या वर्षी घडलेली नसेल, तर तिचे नाव चिकटवून ठेवण्यापेक्षा ‘सर्वांनी मान्य केलेली गणना’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही का? एनसीईआरटीच्या इतिहासाच्या पुस्तकांतही ‘कॉमन एरा’ची, म्हणजे याच ‘सामान्य युगा’ची, ओळख करून दिलेली आहे, त्यामुळे शाळेची मुले फलक वाचायला आली तर गोंधळणार नाहीत.

काही लोक म्हणतात की आरंभबिंदू तोच ठेवून नाव बदलणे म्हणजे घराची पाटी बदलण्यासारखे आहे. असेल. पण पाटीवर आपले नाव नसलेल्या घरात राहणाऱ्याला ती पाटी दिसत असते.

उत्तर ३ – नवगावची_लेक

मी अलिबागजवळच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरातली आहे. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले अशी आमच्याकडची परंपरा आहे, आणि गावोगावी तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आम्हांला ‘शनवार तेली’ म्हणत. आमच्या विवाहाच्या केतुबा या करारपत्रावर आजही जगाच्या निर्मितीपासून मोजलेले वर्ष असते. ते आकडे पाच हजार सातशेच्या पुढे गेले आहेत. तेव्हा ‘पाटीवर आपले नाव नसलेल्या घरात राहणारे’ असे वरील ताईंनी ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांत आम्ही येतो, आणि म्हणूनच थोडे वेगळे सांगायचे आहे.

इंग्रजी लिहिणाऱ्या यहुदी विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात ‘कॉमन एरा’ जवळ केले, ते ‘प्रभूच्या वर्षी’ या शब्दांसाठी. ज्याला येशू प्रभू वाटत नाही, त्याने प्रत्येक तारखेसोबत त्याला प्रभू म्हणणे म्हणजे नकळत दुसऱ्याची श्रद्धा उच्चारणे होते, आणि ती हरकत मला पूर्णपणे पटते. परंतु मराठीत ते शब्द आहेतच कुठे? ‘इसवी’ म्हणजे ‘इसाचा’, आणि तोही आपल्याकडे अरबी-फारसी वळणाने आलेला शब्द. त्यात ‘प्रभू’ नाही, ‘आमचा’ नाही, कसलीही कबुली नाही. हिजरी म्हटल्याने कोणी मुसलमान होत नाही आणि शालिवाहन म्हटल्याने कोणी त्या राजाची प्रजा होत नाही, तसेच हे आहे. दुसऱ्या भाषेतील दुखण्याचे औषध आपण आपल्या भाषेला का पाजावे, हे मला कळत नाही.

आणि ‘सामान्य युग’ हे भाषांतरही मला खटकते. मराठीत युग म्हणजे सत्य, त्रेता, द्वापार आणि कली. आमचे शेजारी पूजेच्या संकल्पात ‘कलियुगे प्रथमचरणे’ म्हणतात आणि त्यानंतर शके सांगतात. युग आणि वर्षगणना या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्या एका वाक्यातच दिसते. शिवाय ‘सामान्य’ या शब्दाचा कानाला पहिला अर्थ लागतो तो ‘साधारण प्रतीचे’. बदल करायचाच असेल तर निदान ‘सन’ किंवा ‘शक’ हा शब्द तरी ठेवावा.

उत्तर ४ – रत्नागिरीची_विद्यार्थिनी

‘युग’ या शब्दाबद्दलचे म्हणणे मान्य. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१५ मध्ये लॅटिनमध्ये जी संज्ञा वापरली, तिचा अर्थही ‘लोकांत रूढ असलेली गणना’ असाच होतो. तिथे युगाचा संबंध नव्हता. इंग्रजीत लिहिताना मी माझी पद्धत सोडणार नाही, पण मराठी फलकासाठी माझा आग्रह मागे घेते.

उत्तर ५ – मोडीवाचक_अलिबाग

या चर्चेत एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटली. फलकावर इसवी सनापूर्वीची एकही नोंद नाही, म्हणजे ‘पूर्व’चा प्रश्नच उद्भवत नाही. तळाशी एकच ओळ लिहावी: ‘या फलकावरील वर्षे इसवी सनाची आहेत.’ मग वर कुठेही ‘इ.स.’ लिहिण्याची गरज नाही आणि रंगाऱ्याचे बिलही कमी होईल.

मात्र ज्या नोंदीचा मूळ आकडा वेगळ्या गणनेत आहे, तो आकडा कंसात ठेवावा, ही माझी विनंती आहे. अल् मसूदीने स्वतः हिजरी ३०४ लिहिले आहे. ते वर्ष जुलै ९१६ ते जून ९१७ असे पसरते, म्हणून ‘९१६-१७ (हिजरी ३०४)’ लिहिणे बरोबर, नुसते ‘९१६’ नव्हे. निकितिनच्या देशात तर १७०० पर्यंत जगाच्या निर्मितीपासूनच वर्षे मोजत. त्याची हकीकत ज्या रशियन बखरीत आली, तिथे ती ६९८३ या वर्षाखाली आहे. नवगावच्या ताईंच्या केतुबातील वर्षही निर्मितीपासूनचेच, पण दोघांच्या हिशेबात सतराशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

आगरातले_गुरुजी

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल बैठकीत तळाच्या ओळीची सूचना मांडली आणि ती मान्य झाली. ज्येष्ठ सदस्यांनी फक्त एक अट घातली की मराठ्यांच्या ओळीत तरी शके असावेच, आणि ती मला रास्त वाटली. ती ओळ मी अशी केली आहे: ‘१७४० (शके १६६२, रौद्रनाम संवत्सर)’. घटना पाडव्यानंतरची, वर्षाच्या उत्तरार्धातली असल्यामुळे ७८ वजा केले आहेत. १५०८ पुढे शके लिहिलेले नाही. मोडीवाचकांनी एकदा हिशेब तपासावा. रंगारी सोमवारी येणार आहे.

मोडीवाचक_अलिबाग

बरोबर आहे. फक्त ‘संवत्सर’ लिहिताना अनुस्वार रंगाऱ्याकडून सुटणार नाही, हे उभे राहून पाहा.