शब्दचर्चा: ‘परदेशी मदत’ म्हणजे आलेली की दिलेली?

खानापूर (प्रश्न)

एका अभ्यासगटाची प्रश्नावली मराठीत करायचं काम माझ्याकडं आलंय. भारत सरकार भूतान, नेपाळ, मालदीव, श्रीलंका आणि आफ्रिकेतल्या देशांना विकासासाठी पैसे, कर्ज, प्रशिक्षण देतं, त्याबद्दल साध्या माणसाचं मत काय, हा विषय. मूळ मसुदा इंग्रजीत आहे, कन्नड प्रत तयार झाली आहे, आणि मराठी प्रत खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या मराठी घरांत जाणार आहे. मी सुरुवातीला ‘आंतरराष्ट्रीय विकास साहाय्य’ असं लिहिलं. शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “मिलो आला होता, तसलं काय?” (मिलो म्हणजे पूर्वी अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी.) त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, “मग हे पैसे आम्हांला कधी मिळणार?”

साहाय्य, मदत, अनुदान, अर्थसाहाय्य, सहकार्य यांतला कोणता शब्द घ्यावा? आणि घरोघरी जाऊन ‘आम्ही काय करायला आलोय’ हे सांगताना कोणता शब्द वापरावा? सर्वेक्षण, जनमत चाचणी, की आणखी काही?

टिळकवाडी, बेळगाव

आधी लेखनाचं. ‘साहाय्य’ बरोबर, ‘सहाय्य’ नाही. सहाय म्हणजे सोबती, पाठीराखा. त्याचं भाववाचक नाम साहाय्य. पण हा शब्द कागदावरचा. बोलताना माणूस मदतच म्हणतो. ‘मदत’ मूळ अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला. हिंदीत तो मदद राहिला, आपल्याकडं शेवटच्या ‘द’चा ‘त’ झाला. आता त्याला परका कोण म्हणेल? प्रश्न तोंडी विचारायचा असेल तर ‘मदत’ घ्या.

निपाणी

‘मदत’ घेतली तरी आजोबांचा प्रश्न सुटत नाही. त्यांचा प्रश्न दिशेचा आहे. अमेरिकेत कुणी ‘परदेशी मदत’ म्हटलं की ती आपण दुसऱ्याला दिलेली, हे गृहीत असतं. आपल्याकडं साठीच्या पुढच्या माणसाला ते शब्द ऐकून बाहेरून आलेलंच आठवतं. १९५६ साली पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्य-मदत कायद्याखाली करार झाला, अमेरिकेचा गहू येऊ लागला, पुढं लाल मिलो आली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुकडी वाटली गेली. इथल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी कागल, गडहिंग्लज, चंदगडला आहेत, त्यामुळं त्या आठवणी सरहद्दीच्या अलीकडंही तितक्याच ताज्या आहेत.

गंमत म्हणजे देणं तेव्हाही चालू होतं. परदेशी अधिकाऱ्यांना भारतात बोलावून शिकवण्याचा ‘आयटेक’ कार्यक्रम १९६४ चा, म्हणजे मिलोच्याच काळातला. पुढं २००३ मध्ये भारतानं बहुतेक लहान देणगीदार देशांची द्विपक्षीय मदत थांबवली, आणि २००४ च्या त्सुनामीत परदेशी सरकारांच्या मदतीला नम्रपणे नको म्हटलं. आपण घेणाऱ्याचे देणारे झालो, शब्द मात्र दोन्हींसाठी एकच राहिला.

म्हणून ‘परदेशी मदत’ आणि ‘परकीय मदत’ हे दोन्ही प्रश्नावलीतून काढाच. ‘परकीय’ला तर आक्रमणाचा वास आहे. क्रियापद दिशा सांगतं, तेच घ्या: “भारत सरकार दुसऱ्या देशांना जी मदत देतं...” वाक्य लांबतं, लांबू दे.

चिक्कोडी

मी सरकारी कामात रोज दोन्ही भाषा हाताळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या भागात खरी पंचाईत इंग्रजी शब्दांपेक्षा कन्नड-मराठीत सारख्या दिसणाऱ्या संस्कृत शब्दांची होते. माणूस घरात मराठी बोलतो, पण सरकारशी त्याचा संबंध कन्नड कागदातून येतो. तेव्हा सरकारी वाटणारा शब्द कानावर पडला की तो आपसूक कन्नड अर्थ घेतो.

‘समीक्षा’ बघा. मराठीत पुस्तकाची समीक्षा. कन्नडमध्ये ‘समीक्षे’ म्हणजे सर्वेक्षण. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मागासवर्ग आयोगाची घरोघरची पाहणी सुरू झाली आणि शिक्षक लोक कागद घेऊन दारोदार फिरले, तेव्हा मराठी गल्ल्यांतही ‘समीक्षेवाले आले’ असंच म्हणत होते. त्या पाहणीत जात, शिक्षण, उत्पन्न सगळं विचारलं होतं. तुमची माणसं ‘समीक्षा’ म्हणून गेली तर लोकांना वाटेल तेच परत आलं, यादीत नाव घालायला.

‘अनुदान’ त्याहून घोटाळ्याचं. मराठीत शाळेला मिळतं तेही अनुदान आणि ठिबकवर मिळते ती सबसिडीही अनुदान. कन्नडमध्ये सबसिडीला ‘सहायधन’ म्हणतात आणि ‘अनुदान’ म्हणजे सरकारनं मंजूर केलेला निधी: आमदारांचं अनुदान, पंचायतीचं अनुदान. “भारत भूतानला अनुदान देतो” असं वाचलं तर पीडीओच्या म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात ये-जा असलेला माणूस भूतानला आपल्या पंचायतीच्या रांगेत उभं करेल आणि म्हणेल, आमची गटार राहिली ती राहिली. वापरायचंच असेल तर ‘परत न घेण्याच्या बोलीवर दिलेले पैसे’ असं फोडून लिहा.

तिसरा ‘परिहार’. मराठीत शंकेचा परिहार होतो. कन्नडमध्ये परिहार म्हणजे भरपाई. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला आणि हजारो घरं पडली, पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर झाले, तेव्हापासून गोकाक, रायबाग, चिक्कोडी, अथणीच्या मराठी माणसाच्या तोंडीही ‘परिहार मिळाला काय?’ असंच येतं. पुराच्या भागात नुसतं ‘सरकारची मदत’ म्हटलं की मनात हाच परिहार उभा राहतो. सूनबाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या ज्या मदतीला ओळखतात, तिच्याबद्दलच त्यांनी विचारलं.

कन्नड प्रतीत मदतीसाठी ‘नेरवु’ घातलंय की ‘सहाय’, तेवढं कळवा. ‘नेरवु’ असेल तर मराठी ‘मदत’ त्याला तोलामोलाची.

शहापूर, बेळगाव

कर्ज आणि मदत यांची सरमिसळ कशी टाळणार? आमच्याकडं चोवीस तास पाण्याची योजना २००८ च्या सुमाराला काही प्रभागांत सुरू झाली, ती जागतिक बँकेच्या कर्जातून. लोक सरसकट ‘वर्ल्ड बँकेनं दिलं’ म्हणतात. दिलं म्हणजे काय? फेडायचं आहे की.

टिळकवाडी, बेळगाव

व्याख्येतच सरमिसळ आहे, तर लोकांना काय दोष द्यायचा! श्रीमंत देशांच्या ‘ओईसीडी’ या संघटनेची विकास साहाय्य समिती हिशेब ठेवते, तिच्या मोजणीत सवलतीचं कर्जही ‘विकास साहाय्य’ ठरतं. पूर्वी कर्जात निदान पंचवीस टक्के देणगीचा अंश असला की पूर्ण रक्कम धरायचे. २०१८ च्या आकड्यांपासून फक्त देणगीइतका भाग धरतात. भारतही एक्झिम बँकेमार्फत कर्ज देतो.

मराठीत या मधल्या प्रकाराला सुंदर शब्द आहे: हातउसने. कागद नाही, व्याज नाही, ओळखीवर दिलेले, पण परत यायचे. सवलतीच्या कर्जात थोडं व्याज असतं आणि कागदही असतो, त्यामुळं तो शब्द जसाच्या तसा चालणार नाही. प्रश्नात ‘कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज’ असंच म्हणा. मात्र समजावून सांगताना ‘हातउसन्यासारखं’ म्हटलं तर आजीलाही कळेल.

कारवार

‘जनमत’ या शब्दाबद्दल. आमच्याकडं आणि खानापूरच्या घाटाखालच्या गावांत ‘जनमत कौल’ म्हटलं की १६ जानेवारी १९६७ आठवतो. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार, त्यावर मतदान झालं होतं. नाव ‘ओपिनियन पोल’, प्रत्यक्षात लोकांनी मतपेटीत मत टाकून निर्णय दिला. त्याच वर्षी सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, हे बेळगावकरांना सांगायला नको. सीमाभागात ‘जनमत’, ‘कौल’, ‘सार्वमत’ यांपैकी कोणताही शब्द घेऊन दारात उभे राहिलात, तर माणूस मालदीवबद्दल बोलणार नाही, आपलं गाव कुठल्या राज्यात याबद्दल बोलेल. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं तो प्रश्न त्यानं मनात धरलाय. पण तुमच्या कामाला ते उपयोगी नाही.

‘मत’ सुद्धा निवडणुकीचं वाटतं. ‘तुम्हांला काय वाटतं ते विचारायला आलोय’ एवढं पुरे.

बेळगाव, कॅम्प

पूर्वी पाहणीच्या कामात बरीच वर्षं फिरलोय, त्या अनुभवावरून लिहितो. शब्दानं उत्तर किती बदलतं याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ‘जनरल सोशल सर्व्हे’चं आहे. ‘वेल्फेअर’वर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनांवर, सरकार कमी खर्च करतं का, असं विचारलं तर हो म्हणणारे थोडेच. त्याच पाहणीत दुसऱ्या गटाला ‘गरिबांना साहाय्य’ असं विचारलं की हो म्हणणारे निम्म्याहून कितीतरी जास्त. आपल्याकडं हीच जोडी ‘खैरात’ आणि ‘हातभार’ अशी होईल. खैरात मुळात पुण्यकर्म, पण मराठीत ‘खैरात वाटली’ म्हटलं की पैसे उधळले. उलट ‘हातभार लावावा का?’ याला नाही म्हणायला जीभ वळत नाही. दोन्ही प्रश्नावलीत नकोत.

‘मदत’ही पूर्ण तटस्थ नाही. “दुसऱ्या देशांना मदत करावी का?” याला माणूस भिडेखातर हो म्हणतो. युरोपीय संघाच्या ‘युरोबॅरोमीटर’मध्ये विकसनशील देशांतल्या लोकांना मदत करणं महत्त्वाचं आहे का, याला २०१८ मध्ये दहातले जवळपास नऊ जण हो म्हणाले. ते हो खरं असेलही, पण तेवढ्यानं खर्च ठरत नाही. ब्रिटननं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचं लक्ष्य २०१५ मध्ये कायद्यात घातलं आणि २०२१ मध्ये प्रत्यक्ष खर्च ०.५ वर आणला. म्हणून ‘करावी का’ हा एक प्रश्न आणि ‘आहे त्यापेक्षा जास्त, कमी की तेवढीच’ हा दुसरा, असे वेगळे ठेवा.

आता आकड्यांचं. मेरीलँड विद्यापीठाच्या २०१० च्या पाहणीत अमेरिकनांना विचारलं, सरकारच्या खर्चातला किती भाग परदेशी मदतीवर जातो. मधला अंदाज आला पंचवीस टक्के. किती असावा? दहा टक्के. प्रत्यक्षात होता साधारण एक टक्का. म्हणजे ‘कमी करा’ म्हणणारा माणूस प्रत्यक्षातल्या दहापट द्यायला तयार होता! हा प्रश्न आपल्याकडं विचारायलाच हवा, माझं यावर ठाम म्हणणं आहे. नाहीतर ‘जास्त’ किंवा ‘कमी’ या उत्तराला अर्थच राहत नाही. कशापेक्षा कमी, ते माणसाच्या डोक्यात वेगळंच असतं.

पण ‘टक्के’ म्हणू नका. ‘सरकारच्या शंभर रुपयांतले किती?’ असं विचारा, आणि उत्तर पैशांतही घ्यायची सोय ठेवा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी आणि परराष्ट्र मंत्रालयाची सगळी तरतूद २०,५१६ कोटी. शंभर रुपयांत चाळीस पैसे, आणि त्यातच वकिलाती आणि पगारही आले. देशांना द्यायच्या मदतीत सगळ्यांत जास्त तरतूद त्या वर्षी भूतानला होती, २,१५० कोटी. नुसता ‘२,१५० कोटी’ हा आकडा सांगितलात तर ऐकणाऱ्याचे डोळे फिरतील आणि तो ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’ म्हणून मोकळा होईल. शंभरातले पैसे सांगितले तर विचार करेल. खरा आकडा मात्र त्याचा अंदाज लिहून घेतल्यानंतरच सांगायचा.

क्रमाचंही सांभाळा. पूर, रस्ते, ऊसबिल यांचे प्रश्न आधी आले की भूतानला कोण काय देणार? ते शेवटी न्या.

निपाणी

उत्तरांचे पर्याय ‘पूर्णतः सहमत, अंशतः सहमत’ असे नकोत. ‘पटतं, थोडं पटतं, पटत नाही’ ठेवा. आणि ‘चालतंय की’ असं उत्तर आलं तर कुठं टाकणार, ते आधी ठरवा. आमच्या भागात ते अर्ध्या वेळा येतंच.

बेळगाव, कॅम्प

अगदी. ‘चालतंय की’ म्हणजे होकार नव्हे. माणसाची हरकत नाही, एवढंच त्यातून कळतं. परत एकदा विचारायचं: “तुम्हांला स्वतःला काय वाटतं?” तरी तेच आलं तर ‘ठाम मत नाही’ या खान्यात. ‘माहीत नाही’चा खाना वेगळा. न माहीत असणं आणि मत नसणं एक नव्हे, आणि दोन्ही सांगताना माणसाला कमीपणा वाटू नये असं वाक्य पाहिजे.

खानापूर

सगळ्यांचे आभार. कन्नड प्रतीत ‘नेरवु’ आहे, ताई. आता मसुदा असा केलाय:

“नमस्कार. आम्ही सरकारकडून आलेलो नाही. कुठल्या योजनेची यादीही करत नाही. देशाच्या कारभारातल्या एका गोष्टीबद्दल तुम्हांला काय वाटतं, ते विचारायला आलोय.

भारत सरकार दुसऱ्या काही देशांना, जसं भूतान, नेपाळ, मालदीव, तिथं रस्ते, दवाखाने, वीज, शाळा व्हाव्यात म्हणून मदत देतं. त्यातले काही पैसे परत घ्यायचे नसतात, काही कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज असतं. याबद्दल तुम्ही याआधी काही ऐकलं होतं का?”

मग शंभर रुपयांतले किती, मग जास्त-कमी-तेवढीच. ‘परत न घ्यायचे पैसे’ आणि ‘कर्ज’ यांवर वेगवेगळा प्रश्न.

चिक्कोडी

चांगलं झालंय. दोन गोष्टी. ‘देशाच्या कारभारातल्या’ऐवजी ‘दिल्लीच्या सरकारच्या’ म्हणा. इथं नुसतं ‘सरकार’ म्हटलं की बेंगळुरूचं धरतात, आणि काहींच्या मनात मुंबईचंही येतं. तोच बदल पुढं ‘भारत सरकार’ आहे तिथंही: पहिल्यांदा ‘दिल्लीचं म्हणजे केंद्र सरकार’, मग नुसतं ‘केंद्र सरकार’.

दुसरं, कन्नड प्रतीत कर्जाचा भाग असा फोडून लिहिलाय का ते तपासा. तिथं नुसतं ‘नेरवु’ आणि इथं ‘मदत आणि कर्ज’ असं राहिलं, तर एकाच गल्लीतल्या दोन घरांना दोन वेगळे प्रश्न जातील आणि उत्तरांतला फरक भाषेच्या नावावर मांडला जाईल. कन्नड प्रत पाठवून द्या, दोन्ही समोरासमोर ठेवून मी ओळीनं बघते.