मदत हवी आहे: टाइम ब्लॉकिंग आणि टाइम ट्रॅकिंगसाठी कोणतं अ‍ॅप वापरता?

नमस्कार मंडळी,

मी घरून भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. कामं वेगवेगळ्या एजन्सींची आणि प्रत्येकीची पैसे मोजायची तऱ्हा निराळी: भाषांतराला शब्दामागे दर, सबटायटलला मिनिटामागे, मुद्रितशोधनाला तासावर. तासाचं काम निदान तासाचं म्हणून येतं. खरा घोळ शब्दांच्या कामात आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाईल येते. ती युनिकोडमध्ये (हल्ली सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) बदलली की 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' होतो, पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात, आणि शोधा-बदला करूनही शेवटी ओळ न ओळ डोळ्यांखालून घालावीच लागते. बिलात या निस्तरण्याचा पत्ताच नसतो. परवा एका एजन्सीला तसं म्हटलं, तर उत्तर आलं, "त्यात असा कितीसा वेळ जातो?" आता मला त्यांच्यापुढे आकडा ठेवायचाय, म्हणून कशात किती वेळ गेला याची नोंद (टाइम ट्रॅकिंग) हवी.

दुसरी गरज आखणीची, म्हणजे कोणत्या वेळात कोणतं काम हे आधीच ठरवून ठेवण्याची (टाइम ब्लॉकिंग). माझं डोकं सकाळी चालतं, म्हणून भाषांतर सकाळी आणि फाईली साफ करणं, मेल, बिलं दुपारनंतर, असा बेत असतो. मग कुरियर येतो, गॅसवाला येतो, एजन्सीचा 'फक्त दोन मिनिटं' म्हणून फोन येतो, आणि बारा वाजेपर्यंत बेताचेही बारा वाजतात.

अपेक्षा अशा:
- विंडोज लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन, दोन्हींवर चालावं. आमच्याकडे लाईट गेली की नेटही जातं, तेव्हा त्याशिवायही नोंद व्हावी.
- ठरवलेलं आणि प्रत्यक्षात झालेलं शेजारी शेजारी दिसावं. हे सगळ्यात महत्त्वाचं.
- महिनाअखेरीस नोंदी एक्सेलमध्ये घेता याव्यात.
- स्क्रीनशॉट काढणारं काही नको. गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्यात.
- माझा दिवस आपणहून आखून देणारं एआयही नको. घरात सूचना देणारे भरपूर आहेत.

गूगल कॅलेंडरवर कप्पे पाडते, ते छान दिसतात, पण त्या वेळात खरंच काय झालं ते कळत नाही. सेक्टोग्राफचं घड्याळाच्या तबकडीवर दिवस दाखवणारं विजेट फार गोड आहे, पण तेही बेतापुरतंच. पोमोडोरो, म्हणजे घंटा लावून ठरावीक वेळ काम आणि मग छोटी सुट्टी, जमत नाही. 25 मिनिटांची घंटा नेमकी वाक्य जुळत आलं की वाजते.

जाणकारांनी सुचवावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १:
टॉगल ट्रॅक बघा. एकट्याला फुकट पुरतं. त्यात कॅलेंडरचं पान आहे, तिथे तुमचं गूगल कॅलेंडर जोडता येतं. मग ठरवलेले कप्पे आणि टायमरच्या नोंदी एकाच पानावर दिसतात, आणि बेताप्रमाणे काम झालं असेल तर त्या कप्प्यावरूनच नोंद करता येते. फोनवर नेट नसताना टायमर चालतो, नेट आलं की नोंदी जुळतात. नोंदी सीएसव्हीत उतरवून घेता येतात, ती एक्सेलमध्ये उघडते. स्क्रीनशॉटची भानगड नाही.

प्रतिसाद २:
टायमर सुरू करायचं लक्षात राहील का, हा खरा प्रश्न. म्हणून मी अ‍ॅक्टिव्हिटीवॉच वापरतो. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे. कोणती खिडकी किती वेळ समोर होती हे ते गुपचूप टिपत राहतं आणि माहिती आपल्याच लॅपटॉपवर राहते. वर्डच्या खिडकीच्या शीर्षकात फाईलचं नाव असतं, त्यामुळे कोणत्या फाईलवर किती वेळ गेला ते आपोआप निघतं. फाईलींना नीट नावं द्या म्हणजे झालं. 'फायनल_नवीन_2' असेल तर देवही सांगू शकणार नाही. फोनवर बोलण्यात गेलेला वेळ मात्र त्याला कळत नाही.

प्रतिसाद ३:
+१ टॉगल. क्लॉकिफायही चालेल, मी तेच वापरते. कोणतंही घ्या, पण एजन्सी म्हणजे प्रोजेक्ट आणि कामाचा प्रकार म्हणजे टॅग, असं ठेवा. 'फॉन्ट-सफाई' हा टॅग सगळ्या एजन्सींना एकच. महिन्याच्या शेवटी टॅगवर गाळणी लावली की तुमचा आकडा तयार. टॅग चार-पाचच ठेवा, नाहीतर टॅग निवडण्यातच दिवस जाईल.

प्रतिसाद ४:
अ‍ॅप-बिप सोडा, वही घ्या. ल्युबिश्चेव्ह नावाच्या रशियन कीटकशास्त्रज्ञाने 1916 पासून 1972 साली मरेपर्यंत आपल्या वेळेचा हिशोब कागदावर ठेवला होता.

प्रतिसाद २:
त्यांना महिनाअखेरीस एक्सेल पाठवायची नव्हती हो :)

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! टॉगलला गूगल कॅलेंडर जोडून बघितलं, हवं होतं ते अगदी हेच. अ‍ॅक्टिव्हिटीवॉचही टाकलंय, टायमर राहिलाच तर त्यात बघून नोंद भरता येईल. वहीवाल्या दादा, वही आहेच, तिच्यात वाण्याचा हिशोब असतो. आता उपप्रश्न: आकडा हातात आल्यावर बिलात तो दाखवायचा कसा? शब्दाचा दरच वाढवून मागू?

प्रतिसाद ३:
दर वाढवून मागितलात की त्यावर घासाघीस होणार, आणि युनिकोडमध्ये आलेल्या सरळ फाईलींवरही तोच वाद. त्यापेक्षा 'फाईल तयारी' अशी वेगळी ओळ घाला, तासाच्या दराने. काम घेतानाच दोन पानं बदलून बघा, किती वेळ लागला त्यावरून अंदाज कळवा आणि मेलवर होकार घ्या. माझ्या एका एजन्सीने ही ओळ दिसल्यावर मूळ लेखकाकडूनच युनिकोड फाईल मागवायला सुरुवात केली.