झटका मशीनवर गाडीची बॅटरी टिकत नाही, डीप सायकल घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून विचारतोय. रानडुकरांचा लई ताप म्हणून शेतात झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंटचे झटके सोडणारं) बसवलंय, ते 4 वॅटचं, शिवाय खोपीत आबा झोपतात त्यांना 9 वॅटचा बल्ब आणि 20 वॅटचा डीसी पंखा, वर 100 वॅटचं पॅनल. बॅटरी व्हॅनची जुनी 35 अँपिअरची लावली ती दोन महिन्यात बसली, म्हटलं जुनीच होती जाऊ दे, मग तसलीच नवीकोरी आणली तर तीपण सात महिन्यात गेली. आता रात्री दोनला मशीनची टिकटिक थांबते आणि डुकरांना ते माझ्याआधी कळतं.

दुकानदार म्हणतो बॅटरी ती बॅटरी, मोठी न्या. वायरमन म्हणतो ट्यूब्युलर घे, म्हणजे रोज खोलवर रिकामी करून भरायची डीप सायकल बॅटरी. अहो पण दोन्ही 12 व्होल्ट, तेच शिसं तेच ॲसिड, मग आत वेगळं काय असतं? आणि ट्यूब्युलरवर अडीनडीला व्हॅन चालू होईल का?

प्रतिसाद:
दादा, स्टार्टर दोन-तीन सेकंद दीडदोनशे अँपिअर ओढतो, ऐकायला भारी वाटतं पण हिशेबाला पाव अँपिअर-अवरपण जात नाही, तेवढं अल्टरनेटर लगेच भरून काढतो. त्यासाठी गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा जास्त कोंबतात, दणका जोरात बसतो. रोज रिकामी केली की मात्र प्लेटांवरचा मसाला (वीज साठवणारा शिशाचा लेप) गळून तळाला जातो. ट्यूब्युलरमध्ये तोच मसाला शिशाच्या काड्यांभोवती नळ्यांत भरलेला असतो, सहजी गळत नाही.

तुमचे 33 वॅट दहा तास म्हणजे 28 अँपिअर-अवर, 35 मधून रोज 28, रुपयातले चार आणेपण शिल्लक नाहीत! आणि खरी मेख पुढे आहे, 100 वॅटचं पॅनल दिवसाला जेमतेम 20-25 अँपिअर-अवर देतं, म्हणजे बॅटरी कधी फुल झालीच नाही, अर्धपोटी बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि ती चार्ज घेईनाशी होते. नुसती बॅटरी बदलून ट्यूब्युलरपण मारून टाकाल. सोलरची 75 अँपिअरची घ्या, सी10 (म्हणजे दहा तासांत रिकामी करून मोजलेली क्षमता) लिहिलेली बघून, सोबत अजून एक पॅनल. पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरचा कटऑफ बघा, म्हणजे बॅटरी किती व्होल्टवर आली की तो लोड तोडतो ते, 10.7 असेल तर 11.8 च्या आसपास आणा. व्हॅनचं डोक्यातून काढा, जाड प्लेटांकडून एकदम तेवढा करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं.

धागाकर्ता:
आत्ताच बघून आलो, 10.7 च आहे राव! पंखा बंद करू म्हटलं तर आबांनी असं बघितलं की विषयच संपला, पॅनलच घेतो. जोडायचं कसं, सिरीज का पॅरलल?

प्रतिसाद:
पॅरलल, प्लसला प्लस. नवीन पॅनल त्याच व्होल्टेजचं घ्या आणि कंट्रोलर 10 अँपिअरचा असेल तर 20 चा टाका. बॅटरीत बोअरचं पाणी ओतू नका, डिस्टिल्डच.