घरी गिम्लेट करायचंय, सल्ला हवा

सांजवारा
नमस्कार मंडळी. बाबा ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत होते. पुढच्या महिन्यात त्यांना सत्तर पूर्ण होतात. त्यांचं आवडतं पेय एकच, गिम्लेट (जिन आणि लिंबाचं कॉकटेल), आणि घरी ते त्यांना कधी कुणी करून दिलेलं नाही. परवा मी ६० मिली जिन, एका लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर हलवून पाहिलं. लिंबूसरबतात जिन ओतल्यासारखं लागलं, तळाला साखरही राहिली. जिन कोणती घेऊ? कॉकटेल हलवायचा शेकर नाहीये, आणावा लागेल का? मुक्काम पुणे.

गारवेल
जिन बदलून फरक पडणार नाही, अडलंय ते लिंबाच्या सालीपाशी, तिचा वास तुमच्या पेयात नाही. ताजा रस आणि साखर घालून गिम्लेट करणारे पुष्कळ आहेत, पण जुन्या पद्धतीचं गिम्लेट लाइम कॉर्डियलचं, म्हणजे साखरेत टिकवलेल्या लिंबाच्या रसाचं. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातल्या लॉकलन रोझ यांनी १८६७ साली दारू न घालता, साखरेत लिंबाचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) होऊ नये म्हणून ब्रिटिश व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस देणं बंधनकारक करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे हे पेय बाबांच्याच पेशातलं. वाढदिवसाला त्यांना हे जरूर सांगा.

कॉर्डियल घरी करा. १० कागदी लिंबं घ्या, पिवळी पडलेली नकोत, हिरवट आणि वजनाला जड बघा. साल इतकी पातळ असते की सालकाढणीने पांढरा भाग येतोच आणि कडवटपणा उतरतो, म्हणून बारीक किसणीने फक्त हिरवं किसा. तो कीस २०० ग्रॅम साखरेत बोटांनी चांगला चुरडा आणि झाकून चार तास ठेवा. साखर ओलसर होते, स्वयंपाकघरभर वास सुटतो. मग त्याच लिंबांचा रस घालून ढवळत राहा, विरघळायला वेळ लागतो पण गॅसवर ठेवू नका, उकळलं की ताजेपणा गेला. फडक्यातून गाळून फ्रिजमध्ये ठेवा.

प्रमाण: ६० मिली जिन, २० मिली कॉर्डियल, १० मिली ताजा रस.

खडीसाखर
कॉर्डियलला +१. पण वरून ताजा रस मला पटत नाही, पुन्हा सरबताकडेच जातं. त्याऐवजी कॉर्डियलमध्येच एक छोटा चमचा लिंबूसत्व घालावं. आंबटपणा येतो आणि सालीचा वास झाकला जात नाही.

जिनबद्दल: मी मडगावची, आमच्याकडे निवड भरपूर. गिम्लेटला साधी लंडन ड्राय (गोड न केलेली जिन) घ्या, ज्युनिपर, म्हणजे जिनला तिचा खास वास देणारं फळ, ठळक हवं. गोव्यातच होणारी ग्रेटर दॅन चांगली आहे. हपूसा ही जिन मला फार आवडते (संस्कृतात हपुषा म्हणजे ज्युनिपरच), पण ती नुसत्या बर्फावर घ्यावी, कॉर्डियलपुढे तिचा मातकट गंध हरवतो. गुलाबी, फळांच्या स्वादाच्या जिन तर अजिबात नकोत.

सांजवारा
दोघांचेही मनापासून आभार. शेकरचं काय?

गारवेल
घट्ट झाकणाची काचेची बरणी पुरते. बर्फ मात्र काठोकाठ भरा. थोडा बर्फ घातला तर तो भराभर वितळतो आणि पेय पांचट होतं. खडे मोठे हवेत, आणि भाजी-मासळीशेजारी उघड्या ट्रेमधले नकोत, तो वास हमखास उतरतो. १२ ते १५ सेकंद जोरात हलवा, चहाच्या गाळणीतून ओता. ग्लास आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये.
खडीसाखर, लिंबूसत्वाचं करून बघते.

सांजवारा
काल रंगीत तालीम झाली. मंडईत साई सरबती लिंबं मिळाली, राहुरी विद्यापीठाची जात, रस भरपूर. दोन्ही प्रकार केले. मला ताज्या रसाचं आवडलं, बायकोला लिंबूसत्वाचं. बाबांना दोन्ही देणार आहे, ठरवतील ते. आई दारू घेत नाही, तिने कॉर्डियलमध्ये सोडा आणि चिमूटभर सैंधव घालून घेतलं आणि अर्धी बाटली संपली, त्यामुळे आता २० लिंबांचं करावं लागणार. दुप्पट केलं तर साल किती तास मुरू द्यायची, तेवढं सांगा.

गारवेल
तेवढेच, चार तास. फक्त पातेलं पसरट घ्या.