रिव्हॉल्व्हरला ‘घसारा’ लागतो की त्याची ‘झीज’ होते?

रावपुरेकर
आमच्या घरी पणजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे, परवान्याचं. भाऊबंदांसाठी घरातल्या जुन्या वस्तूंची मराठीत यादी करतोय. एका जाणकारानं रिव्हॉल्व्हर पाहून इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या, त्यात ‘होल्स्टर वेअर’ असं आहे. वर्षानुवर्षं चामड्याच्या खोळीत घालून-काढून निळ्याकाळ्या रंगावर उमटलेल्या उजळ खुणा, असा त्याचा अर्थ. नळीच्या तोंडाशी दोन्ही अंगांना नखाएवढं पोलाद उघडं पडलंय, नेम धरायच्या माशीचा माथा चकाकतोय, गोळ्यांच्या चक्राच्या कडा पांढुरक्या झाल्यात. सपाट भागावरचा रंग मात्र अजून गर्द आहे, उन्हात धरला की मोरपिशी झाक मारतो.

मी लिहिलं, ‘खोळीचा घसारा’. पुण्याच्या चुलतबहिणीनं ते खोडून ‘झीज’ केलं. तिच्या मते घसारा ताळेबंदात असतो, यंत्राची किंमत दरवर्षी कमी धरतात तो. पण बडोद्यात माझी आजी उंबऱ्याला घसारा लागला, पाटल्यांना घसारा लागला असं सर्रास म्हणायची. मी चुकलो का?

तळटीप
बहीण बरोबर आहे. तुमच्या आजींचा घसारा गुजराती ‘घसारो’ आहे. शेजार इतक्या पिढ्यांचा, तेव्हा तो घरात येणारच, पण म्हणून छापायचा का? ‘झीज’ हा नितळ मराठी शब्द हाताशी असताना उसना कशाला? आणि ‘होल्स्टर’ला ‘म्यान’ म्हणा की.

जाईजुई
तळटीप, झीज इथे बसतच नाही. झीज म्हणजे वस्तू स्वतः कमी होणं. सहाण झिजते, चंदन झिजतं, गुडघ्याची वाटी झिजते. रावपुरेकरांची नळी कुठे झिजलीय? यादीत झीज वाचून माणूस समजेल की नळी पातळ झाली, आता वापरायला धोक्याची. इथे फक्त वरचा रंग गेलाय. माझ्या मते ‘विरणे’ घ्यावं. धोतर आधी घडीवर विरतं, तसा हा रंग कडांवर विरलाय.

म्यानही नको. म्यान पात्याचं.

लोखंडी
वडिलांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून लिहितो. विरतं ते कापड, त्याचा धागा न् धागा मोकळा होतो. इथे तसं होत नाही. मुळात त्याला रंगही म्हणू नका. रंग, मुलामा, कल्हई हे सगळं वरून चढवतात. ब्लूइंग, म्हणजे हा निळाकाळा थर, पोलादातूनच उगवतं. जुन्या पद्धतीत घासून लख्ख केलेल्या नळीला आम्लाचं पाणी लावून दमट जागी ठेवायचे. काही तासांत तांबूस गंज धरायचा. मग नळी उकळत्या पाण्यात टाकली की तोच गंज काळा पडायचा. तारेच्या बारीक ब्रशनं सुटी पूड झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असं पाच-सहा वेळा केल्यावर तो गर्द थर बसायचा. हल्ली कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या 140 अंशांच्या आसपास उकळणाऱ्या द्रावणात बुडवून काम उरकतात. थर तरीही केसापेक्षा कितीतरी पातळ. कडेवर चामड्याचा दाब सगळा एका रेघेवर येतो, म्हणून तिथलं आधी जातं आणि सपाटी शाबूत राहते.

दुकानात शब्द एकच होता: ‘काळं उतरलं’. गिऱ्हाईक मराठी असो की गुजराती, सगळ्यांना कळायचं.

शमीपत्र
‘पाणी उतरलं’ का नको? खंडेनवमीला तलवारी पुसताना आजोबा पात्याच्या पाण्याबद्दल बोलायचे. जुना, भारदस्त शब्द आहे.

लोखंडी
नको, कळकळीनं सांगतो. पोलादाला पाणी देणं म्हणजे तापवून विझवणं, कडकपणा आणणं. ‘वेब्लीचं पाणी उतरलं’ असं लिहिलंत तर जाणकाराला वाटेल की हे आगीत सापडलं होतं, पोलाद मऊ पडलंय.

शमीपत्र
मोत्याचं पाणी कोण विझवतं? तिथे पाणी म्हणजे तेजच ना? एका शब्दाला दोन अर्थ असतात, संदर्भानं कळतात.

लोखंडी
मोती आणि नळी एका पंक्तीला बसवू नका.

तळटीप
मूळ मुद्दा उसन्या शब्दांचा होता. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रवर्ग वेगळा आहे. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याची तळमळ तेव्हा होती. आपल्याला एका होल्स्टरसाठी शब्द घडवता येऊ नये?

जाईजुई
कोशाबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यानंतरही आपण तोफच म्हणतो, बंदूकच म्हणतो. काडतूस पोर्तुगीजांकडून आलं, ते कुणाला परकं वाटतं? बडोद्याचीच गोष्ट घ्या. सयाजीराव महाराजांनी 1931 साली सयाजीशासनशब्दकल्पतरू काढला, त्यात राज्यकारभाराच्या शब्दांना मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारीशेजारी दिलेत. या गावानं शब्द असेच वापरले. आजींचा घसारा पाहुणा नाही, घरातलाच आहे.

शिवाय घसारा घासण्यावरून आलाय, घसरण्यावरून नाही, असं मला ठामपणे वाटतं. ताळेबंदातला घसारासुद्धा आधी यंत्राच्या दात्यांवर झाला असणार, मग वहीत चढला.

तळटीप
गुजरातीत ‘घसवुं’ म्हणजे घासणं, हे मान्य. मराठीत ‘घसारा’ ऐकल्यावर मला आधी निसरडा उतारच आठवतो. लहानपणी घाटात बैलगाडी घसाऱ्याला लागली असंच ऐकलंय.

रावपुरेकर
एक विचारायचं राहिलं. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. तेव्हा रिव्हॉल्व्हर खोळीसकट वर नेलं आणि घाईत तसंच आठवडाभर राहिलं. बाहेर काढलं तर चक्राच्या एका बाजूला, नेमकी खोळीची शिवण टेकत होती तिथे, तपकिरी ठिपक्यांची ओळ. तेलानं पुसल्यावर बरेच गेले, चार राहिले. हे चार ठिपकेही घसाऱ्यातच लिहायचे का?

लोखंडी
अजिबात नाही, वेगळे लिहा. घसाऱ्याची जागा उजळ आणि गुळगुळीत असते. ठिपके तपकिरी आणि नखाला खरखरीत लागतात, देवीच्या वणांसारखे. पहिलं वापरानं होतं, दुसरं हेळसांडीनं, आणि किंमत करणारा दोन्हींकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावतानाची आम्लं त्यात उरलेली असतात, म्हणून खोळ फक्त नेण्याआणण्यासाठी. घरात हत्यार तेलाचा हात फिरवून, खोळीबाहेर ठेवा. आणि कुणी नवं ब्लूइंग करून देतो म्हणालं तर ऐकू नका. आधी पॉलिश मारावं लागतं, त्यात कडा गोल होतात, कोरीव अक्षरं बुजतात. पणजोबांच्या कमरेची खूण कायमची जाईल.

शमीपत्र
लोखंडी, तुम्हीही घसाराच लिहिलंत!

लोखंडी
हो, लिहिताना तोच आला. दुकानात मात्र ‘काळं उतरलं’च.

जाईजुई
त्या ठिपक्यांना बडोद्यात काय म्हणतात? आमच्याकडे ‘काट चढला’. नगरच्या मामी ‘तांबेरा’ म्हणतात, आणि मला तांबेरा म्हटलं की गव्हावरचा रोग दिसतो.

तळटीप
काटही गुजरातीच. मराठीत गंज. पितळ कळकतं, लोखंड गंजतं.

रावपुरेकर
आजी तव्याला काट म्हणायची आणि बिजागरीला गंज. दोन्ही लोखंडच. बहिणीला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. झीज खोडायला ती तयार आहे, पण घसारा लिहायला अजून नाही. तोवर यादीत त्या रकान्यापुढे पेन्सिलीनं दोन्ही लिहून ठेवलंय.